कालवं कोण उघडतं?

भाऊबीजेला कालवं हवीत, असं आईने कोजागिरीलाच सांगून ठेवलं होतं. तिचं वय ८६, मधुमेह पंचवीस वर्षांचा, आणि गेल्या पावसाळ्यात पोटाच्या विकाराने आठ दिवस इस्पितळात काढलेले. डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद केलं होतं. कालवांबद्दल ते काही बोलले नव्हते, कारण अंधेरीतली एखादी म्हातारी कालवं मागेल हे त्यांच्या मनातही आलं नसणार. आईने त्याचा सोयीस्कर अर्थ लावला.

तिचं माहेर केळव्याचं. दर भाऊबीजेला मामा केळवे रोडहून गाडी पकडून आमच्याकडे यायचा. त्याच्या पिशवीत एका बाजूला पानवेलीची पानं आणि दुसऱ्या बाजूला फडक्यात घट्ट बांधलेला अॅल्युमिनियमचा डबा. डब्यात पाणी आणि पाण्यात करड्या-पांढऱ्या मऊ लगद्यासारखी कालवं. मामा गेल्यावर काही वर्षं वेसाव्याची एक कोळीण दारावर यायची. पुढे तीही यायची थांबली. मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, फळ्यावर शेकडो वेळा कालवाची आकृती काढली. पण घरात जिवंत, बंद कालव मी कधी उघडलं नव्हतं. आमच्याकडे ते उघडूनच येत असे. ही गोष्ट विचित्र आहे हे मला यंदा प्रथम जाणवलं, कारण न्यू जर्सीहून आलेल्या धाकट्या भावाने बॅगेतून कालवं उघडायची एक आखूड, जाड पात्याची सुरी काढून टेबलावर ठेवली. "यंदा मी उघडून देतो," तो म्हणाला. "बर्फावर मांडायची, वरून लिंबू पिळायचं आणि कच्चीच खायची."

आईला मामाच्या डब्यातल्यासारखं सुकं हवं होतं, भावाला कच्ची हवी होती, आणि मला दोघांनाही 'नको' म्हणायचं होतं. या लेखाचं निमित्त एवढंच.

आधी नावांचा गोंधळ निस्तरायला हवा, कारण मुंबईच्या मासळीबाजारात उभं राहून चुकीचं नाव घेतलं की भलतंच पदरात पडतं. तिसऱ्या म्हणजे दोन गुळगुळीत, सारख्या शिंपल्यांचा जीव. तो वाळू-चिखलात पुरून राहतो आणि पाय बाहेर काढून सरकतो. शिनाणे काळपट, लांबट, धाग्यांनी खडकाला लटकणारे. कालव या दोघांपेक्षा वेगळं. त्याच्या दोन शिंपा एकसारख्या नसतात. डावी खोलगट, वाटीसारखी. तीच खडकाला सिमेंट केल्यासारखी चिकटलेली असते. उजवी चपटी, झाकणासारखी. कालवाला ठरावीक आकार नसतो. जागा मिळेल तसं ते वाढतं, शेजाऱ्याला खेटून, वाकडंतिकडं, अगदी आपल्या चाळींसारखं. आणि 'कालवण' या शब्दाचा कालवाशी काही संबंध नाही, तो 'कालवणे' या क्रियापदाचा. हे आवर्जून सांगायचं कारण, आमच्या सोसायटीतल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी मला तसा संबंध पटवून देण्यात अर्धा तास घालवला होता.

मुंबईच्या आसपास मुख्यतः दोन प्रकारची कालवं मिळतात. उघड्या समुद्राकडच्या खडकांवर लहान, कंगोरेदार कडांची कालवं. मढ, एरंगळ, मार्वे, मनोरी, गोराई हा त्यांचा मुलूख. दुसरी खाडीतली, मोठी, लांबट, जाड शिंपांची. या खाडीतल्या जातीचं शास्त्रीय नाव फार दिवस 'क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस' असं चालत आलं. ते नाव मुळात जीवाश्मांवरून ठेवलेलं होतं. म्हणजे आधी दगडातलं कालव ओळखलं गेलं आणि जिवंत नंतर. १९६०च्या सुमारास व्ही. एस. दुर्वे आणि डी. व्ही. बाळ यांनी याच जातीचा अभ्यास केला, आणि तो केला केळव्याच्या खाडीत. मामा ज्या पाण्यातून डबा भरून आणत होता त्याच पाण्यात हे दोघे क्षारता मोजत होते. मी त्यांचे निबंध विद्यार्थ्यांना वाचायला लावत असे. केळवे म्हणजे माझं आजोळ हे मात्र वर्गात कधी बोलले नाही. प्राध्यापकांना असले संकोच असतात.

त्याआधी १९३२ साली एच. एस. राय यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या शिंपलीवर्गीय मासेमारीवर विस्ताराने लिहिलं होतं. १९६१ साली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था मुंबईत सुरू झाली आणि तिचा मुक्काम आता आमच्या अंधेरीतच, वेसाव्याला आहे. तेव्हा कालवाचं शास्त्र या गावात नाही असं म्हणता येणार नाही. ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलं नाही, इतकंच.

कालव उघडायचं म्हणजे कशाशी झगडायचं, ते समजलं की निम्मं काम होतं. दोन शिंपा एका टोकाला बिजागरीने जोडलेल्या असतात. त्या बिजागरीत रबरासारखा एक पट्टा असतो आणि तो शिंपा सतत उघडायला बघतो. त्याच्या विरुद्ध आत एकच दणकट स्नायू असतो, तो शिंपा ओढून बंद ठेवतो. तिसरीला असे दोन स्नायू असतात, कालवाला एकच. कालव जिवंत आहे तोवर स्नायू पट्ट्यावर मात करतो. मेलं की स्नायू सैल पडतो, पट्टा जिंकतो आणि शिंप आ वासते. म्हणून बाजारात तोंड उघडं असलेलं आणि टिचकी मारूनही न मिटणारं कालव घ्यायचं नाही. ही काही अंधश्रद्धा नव्हे, साधं यंत्रशास्त्र आहे. तिसऱ्या आपण विळीवर चिरतो, कारण त्यांच्या कडा पातळ आणि नीट जुळलेल्या असतात. कालवावर विळी चालत नाही. तिथे दोनच वाटा: एक तर बिजागरीत टोक घालून पिळायचं, नाही तर झाकण फोडायचं.

पहिली वाट सुरीवाल्यांची. दुसरी आमच्या कोळणींची. आणि ती घरी नव्हे, खडकावरच पार पडते.

भाऊबीजेचा दिवस त्यासाठी मुद्दाम निवडावा असाच आहे. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणकी करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. द्वितीयेला दीड. म्हणजे भाऊबीजेला दुपारी दीडच्या आसपास पूर्ण भरती आणि त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी, सकाळी सव्वासातला, पूर्ण ओहोटी. शिवाय अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत मोठं असतं. पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही उतरतं, आणि एरवी भांगाच्या दिवसांत पाण्याखाली राहणारे खडक उघडे पडतात. लक्ष्मीपूजनाच्या फटाक्यांचा धूर खाली बसत असतो तेव्हा समुद्र महिन्यातला मोठा दरवाजा उघडत असतो. मामाची भाऊबीज आणि कालवं यांचा संबंध मी लहानपणी प्रेमाशी लावला होता. प्रेम होतंच, पण पंचांगही होतं.

आम्ही दोघं सकाळी वेसाव्याच्या धक्क्यावरून तरीने मढला गेलो. पलीकडे ठरल्याप्रमाणे मावशी भेटली. ती आईकडे येणाऱ्या कोळणीची धाकटी जाऊ. तिच्यासोबत आणखी तिघी होत्या. कंबरेला खोचलेलं लुगडं, पायात जुने बूट, एका हातात प्लास्टिकची छोटी बादली आणि दुसऱ्या हातात लाकडी मुठीची लोखंडी आकडी. एका बाजूला टोक, तेच वळवलं की खरवडायला कड. ती उकिडवी बसली, कालवाच्या झाकणावर कडेला एक बेताचा घाव घातला, झाकण उडालं, त्याच टोकाने खालचा स्नायू कापला आणि मांस बादलीत. मी घड्याळ काढून बसले होते. एकाला पाच-सहा सेकंद. भाऊ त्याच्या सुरीकडे बघत गप्प उभा होता.

दोन गोष्टी मला तिथे बसल्यावरच कळल्या. पहिली ही, की खालची वाटी खडकावरच राहते. ओहोटीला मढच्या कातळावर पांढऱ्या वाट्यांचे पट्टेच्या पट्टे दिसतात ते हेच. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग बसायला जागा शोधतं, आणि त्याला सगळ्यांत जास्त आवडते ती आपल्याच जातीची जुनी शिंप. एकदा चिकटलं की जन्मभर जागा सोडत नाही. कोळीण मांस काढते आणि पुढच्या पिढीसाठी घर सोडून जाते. सबंध कालव उपटून नेणारा मात्र घरासकट नेतो. मी घरी उघडण्यासाठी डझनभर अखंड कालवं मागितली तेव्हा मावशी हसलीच. "दगड शिजवशील काय बाय?" तिने शेवटी सुट्या दगडांना धरलेली बारा कालवं दगडाच्या कपऱ्यांसकट काढून दिली, पण तिच्या चेहऱ्यावर नापसंती होती. ती आता मला समजते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बसल्या जागेपासून शंभर पावलांवर खडकाच्या आतल्या बाजूला कालवं जास्त मोठी आणि दाट दिसत होती. तिकडे कोणीच बसलं नव्हतं. मी विचारलं. मावशीने आकडीनेच खाडीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. "तिथली आमी घेत नाय. तिथं नाल्याचं पाणी येतं ना." मग पावसाळ्यातही घेत नाही म्हणाली, दिवाळीपर्यंत पाणी निवळू द्यावं लागतं. कालवं तेव्हा पातळ, दुधाळ असतात, चव नसते. दुर्वे आणि बाळ यांनी केळव्याला हेच पाहिलं होतं. पाऊस पडला, खाडीची क्षारता उतरली की ही जात अंडी सोडते. अंडी सोडलेलं कालव म्हणजे पिशवीभर पाणी. युरोपात मे ते ऑगस्ट कालवं खाऊ नयेत असा जुना संकेत आहे, इंग्रजी नावात 'आर' नसलेले महिने. तो इथे जसाच्या तसा लावणारे लोक मला भेटले आहेत. आपला नियम महिन्यांच्या स्पेलिंगवर चालत नाही, पावसावर चालतो.

आता पाण्याबद्दल. हाच या विषयाचा गाभा आहे.

कालव पाणी गाळून जगतं. कल्ल्यांवरच्या बारीक केसांनी पाणी आत ओढतं, त्यातलं सूक्ष्म खाद्य ठेवतं, बाकीचं बाहेर टाकतं. अमेरिकेतल्या मोठ्या जातीचं एक कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. आपलं लहान कालव त्या मानाने कमी, पण तत्त्व तेच. पाण्यात जे असेल ते त्याच्यात साठतं. मैलापाण्यातले जंतू आणि विषाणू, कारखान्यांचं तांबं आणि जस्त, सगळं. मालाडची खाडी वेसावे आणि मढ यांच्या मधून समुद्राला मिळते आणि पश्चिम उपनगरांचं काय काय घेऊन येते ते किनाऱ्यावर नाक असणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. पूर्वेकडची गोष्ट वेगळी नाही. घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या बाजूला ठाण्याची खाडी आहे. तिला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, रोहित बघायला मीही जाते. पण तिथल्या पुलांच्या खांबांना चिकटलेली कालवं मी खाणार नाही. रोहितांना विचारून काही उपयोग नाही.

याशिवाय एक जंतुकुळी अशी आहे जी मैल्यातून येत नाही, उबदार समुद्रात आपसूकच असते. व्हिब्रिओ. पटकीचा जंतू त्याच कुळातला. यातली एक जात यकृताच्या रोग्यांना, मधुमेह्यांना, प्रतिकारशक्ती उतरलेल्यांना जिवावर बेतते. पाणी जितकं गरम तितकी ती जोरात. न्यू जर्सीचा समुद्र हिवाळ्यात गोठायच्या बेतात असतो. आमचा भर जानेवारीतही चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली सहसा उतरत नाही. कच्ची कालवं खाण्याची रीत थंड समुद्राच्या काठी रुजली आणि आमच्या किनाऱ्यावर रुजली नाही, याला मी तरी आवडीनिवडीचा प्रश्न मानत नाही. केळव्यापासून मालवणपर्यंत आणि पुढे गोव्यातही कालव चुलीवरच गेलं आहे. लिंबाने, तिखटाने किंवा सोबतच्या पेल्याने हे जंतू मरत नाहीत. आमसुलानेही नाही. उष्णतेने मरतात.

भावाचा मुद्दा मात्र मला सोडून देता आला नाही. तो म्हणाला, तिकडे लाखो लोक कच्ची खातात, मरत नाहीत. खरं आहे. पण ते का मरत नाहीत याचा इतिहास आहे. १९२४-२५च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टनमध्ये कालवांतून विषमज्वर पसरला. सुमारे १५०० लोक आजारी पडले आणि १५० मेले. त्यानंतर १९२५ साली तिथे शिंपलीवर्गीय मासळीच्या स्वच्छतेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कालवांच्या प्रत्येक पोत्याला चिठ्ठी आली. कुठल्या पाण्यातून काढली, कोणत्या दिवशी, कोणी, हे सगळं तिच्यावर लिहिलेलं. विकणाऱ्याने ती चिठ्ठी ९० दिवस जपून ठेवायची. युरोपात पाण्याचेच वर्ग आहेत. अ वर्गातल्या कालवाच्या १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय जंतू २३०च्या आत असायला हवेत. ते थेट खायला चालतं. ब वर्गात मर्यादा ४६००, पण ते आधी स्वच्छ समुद्रपाण्याच्या टाकीत ठेवून शुद्ध करावं लागतं. इंग्लंडमध्ये त्यासाठी किमान ४२ तास लागतात. त्याही टाकीतून विषाणू पूर्ण जातीलच असं नाही, आणि जड धातू तर जातच नाहीत.

म्हणजे न्यू जर्सीत माझा भाऊ जे कालव टेबलावर 'स्वतः' उघडतो, ते त्याच्याआधी एका सरकारी खात्याने, एका प्रयोगशाळेने आणि एका चिठ्ठीने उघडलेलं असतं. सुरी शेवटची. आमच्याकडे ती चिठ्ठी मावशीच्या डोक्यात आहे. कुठल्या खडकावर बसायचं, कुठल्या नाही, कधी थांबायचं, हे तिला माहीत आहे. तिच्या सासूलाही माहीत होतं. पण गेल्या पन्नास वर्षांत नाल्यांची तोंडं इतकी बदलली की तिचं ज्ञान दरवर्षी आक्रसतं आहे. "आधी त्या खडकावर पन घ्यायचो," असं ती चार वेळा वेगवेगळ्या दिशांना हात करून म्हणाली. आणि एक अडचण अशी की विषाणूला वास नसतो, तांब्याला रंग दिसत नाही. तिला जे डोळ्यांनी आणि नाकाने कळतं ते खरंच असतं, पण तेवढंच पुरेसं नसतं.

कालवांची शेती हा यावरचा एक मार्ग. तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात तिचं तंत्र बसवलं, पुढे केरळातल्या खाड्यांत महिलांच्या गटांनी ते उचललं. महाराष्ट्रात कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी खाडीकाठच्या गावांसाठी कालवपालन हाती घेतलं, सिंधुदुर्गात महिलांचे बचतगट त्यात उतरले. दोरीला जुन्या शिंपा ओवून बांबूच्या तराफ्याखाली टांगायच्या, पिल्लं आपण होऊन येऊन बसतात, वर्षभराने काढायची. पाणी निवडता येतं, हा त्यातला खरा फायदा. पण भाऊबीजेच्या सकाळी अंधेरीत मला तिथलं कालव मिळणार नव्हतं.

म्हणून मी जे ठरवलं ते असं. कच्चं कोणीच खायचं नाही. आईला थोडंच द्यायचं, आणि नीट शिजवून. जड धातूंचं काय, तर वर्षातून एकदा मूठभर खाल्ल्याने भीती बाळगावी असं मला वाटत नाही. रोज खाणारीने बाळगावी.

दुपारी भावाने ओट्यावर बैठक मारली. अखंड कालवं आम्ही आणल्यापासून ओल्या फडक्याखाली, खोलगट बाजू खाली करून शीतकपाटात ठेवली होती. गोड्या पाण्यात बुडवली तर मरतात, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली तर गुदमरतात. आधी ब्रशने घासून चिखल काढला. मग डाव्या हातात चौपदरी जाड टॉवेल, त्यात कालव, बिजागरीचं टोक आपल्याकडे. सुरीचं टोक बिजागरीच्या फटीत घालून दाबायचं नाही, डुलवायचं, किल्ली फिरवल्यासारखं. 'टक' असा आवाज आला की पट्टा सुटला. मग पातं वरच्या शिंपेला घासत पुढे न्यायचं आणि स्नायू कापायचा, की झाकण हातात येतं. शेवटी मांसाखालून पातं फिरवून ते वाटीपासून मोकळं करायचं, आतलं पाणी सांडू न देता. वाचायला सोपं आहे. आमची कालवं लहान, दगडाला घट्ट, कंगोऱ्यांची. बारातली नऊ उघडली, दोनांचा चुरा झाला, आणि एक आधीच मेलेलं निघालं, ते वासावरूनच फेकलं. पाऊण तास लागला. टॉवेलला दोन ठिकाणी भोकं पडली. हाताला पडली नाहीत हे नशीब, कारण शिंपेची धार सुरीपेक्षा वाईट असते आणि ती जखम चिघळते. मधुमेह्याने तर हातमोज्याशिवाय या कामाला हातच लावू नये.

नऊ वाट्या मांडायच्या कशात, हा प्रश्न आईने सोडवला. इडलीपात्रात. खड्ड्यात वाटी बरोबर बसते, डुलत नाही, पाणी सांडत नाही. खालचं पाणी खळखळून उकळल्यावरच साचे आत ठेवले आणि वाफ धरल्यानंतर आठ मिनिटं मोजली. वर बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर, चिमूटभर खोबरं आणि आगळाचे दोन-दोन थेंब. भावाने पहिलं उचललं, डोळे मिटले, आणि "कच्च्यासारखं नाही," एवढंच म्हणाला. नंतर चार खाल्ली.

खरा स्वयंपाक बादलीतल्या कालवांचा. मावशीने एक मोठा पेला भरून दिली होती. ती सरळ नळाखाली धरली तर चव मोरीत जाते. आईची रीत अशी: कालवं त्यांच्याच पाण्यात चमच्याने हलवायची, मग बोटांच्या चिमटीत एकेक घेऊन चाचपायचं. शिंपेची कच बोटाला लागते, डोळ्यांना दिसत नाही. पाणी मलमलीच्या फडक्यातून गाळून ठेवायचं. कालवांना हळद चोळायची. तेलावर भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. कांदा मऊ झाला की कोळी मसाला, मग गाळलेलं पाणी आणि दोन आमसुलं. ते चांगलं उकळलं की मगच कालवं. मीठ शेवटी, चाखून, कारण समुद्राने ते आधीच घातलेलं असतं.

किती वेळ शिजवायचं यावर आमच्या घरात जुना वाद आहे. जास्त शिजलं की रबर होतं, हे सगळे सांगतात. आई सांगते, कडा मुरडल्या की उतरव. अमेरिकेच्या आरोग्य खात्याचा सल्ला मी काढून पाहिला. सोललेली कालवं किमान तीन मिनिटं उकळावीत, कडा मुरडेपर्यंत. भाषा वेगळी, खूण तीच. मी तरी आईसाठी आणखी दोन मिनिटं ठेवली आणि तिला सांगितलं नाही. तिने पहिल्या घासालाच ओळखलं. "जून झाली," म्हणाली. मग भाकरीचा तुकडा मोडून परत घेतलं.

ओवाळून झालं होतं. मामाचा फोटो भिंतीवर होता, पण त्याच्याबद्दल कोणी काही बोललं नाही. वाटी संपत आल्यावर आई मध्येच थांबली, तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं. मी दचकले. शिंपेची कच होती, नखाएवढी. मी तीनदा चाचपलं होतं.

"असू दे," ती म्हणाली. "त्याच्या डब्यातही एखादी असायचीच."